शेऱ्याचा रकाना

उभादांड्याच्या काजू कारखान्यात
हवेची नोंदवही आहे.
माझ्याआधी वासुदेव आरोलकर ती लिहायचे.
चौदा महिने, दिवसातून तीनदा,
धूळ, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड,
आणि शेऱ्याच्या रकान्यात: समाधानकारक.
शाईसुद्धा कधी बदलली नाही.
एका बैठकीत लिहिलेलं समाधान
ओळखू येतं;
अक्षराचा उतार तोच राहतो पौषातून चैत्रापर्यंत.

मला मशीन मिळालं, साबणाच्या वडीएवढं,
पाठीवर तपासणीची तारीख चिकटवलेली.
आठला बॉयलरपाशी,
बाराला कटिंगच्या शेडमध्ये,
चारला बोरम्यामागे, जिथे गर सोलतात
आणि साल उडते, तांबूस,
पापण्यांवर बसते, चहावर तरंगते.
मशीन हवा आत ओढतं, थोडं घुमतं,
विचार करतं म्हणा हवं तर,
मग आकडा दाखवतं.

लुर्दीन फर्नांडिस सत्तावीस वर्षं कटिंगला.
बोटं चिकाने काळी, राख लावूनही काळी.
हात न थांबवता म्हणाली,
"त्या मशीनाक काय इचारतंस गो,
माझ्या उराक इचार."

उराला रकाना नव्हता.
आर्द्रतेलाही होता तो मुळात गरासाठी.
दमट हवेत काजूगर मऊ पडतो, खवट होतो,
म्हणून समुद्राकडच्या खिडक्या खिळे ठोकून बंद.
गराला किती सोसतं ते भिंतीवर छापलंय,
लाल अक्षरात, दशांशासकट.

माघात मागच्या पंख्याची मोटर जळली.
बाराचा आकडा सकाळच्या चौपट.
मी दोनदा मोजलं, मशीन उलटं करून पाहिलं,
बाहेर आंब्याखाली जाऊन पाहिलं
(तिथे ते अगदी शहाण्यासारखं वागलं).
परुळेकर मॅनेजर आले, चष्मा वर सरकवून म्हणाले,
"लिही. खोटं कशाला लिहायचं?
पण पेन्सिलने लिही."

मी पेनाने लिहिलं.
यात शौर्य काही नाही,
पेन्सिल सापडली नव्हती.

कोल्हापूरहून तपासणीसाहेब आले.
आरोलकरांच्या चौदा महिन्यांवरून
अंगठा सरसर फिरला, कुठेच अडला नाही.
माझ्या पानावर थांबला.
"हे काय?"
"हवा," मी म्हटलं.
त्यांनी शेरा मारला: नोंदींत सातत्य नाही.

त्या संध्याकाळी रागाने जुनी वही उघडली,
आरोलकरांचं सातत्य बघायला.
मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कागद सुटला होता तिथे,
पेन्सिलने, मुंगीएवढं:
१२ नोव्हें. पंखा बंद. शेवंती घरी.
३ जाने. धूर आत. लुर्दीन, दोनदा उलटी.
१९ जाने. आनंदीचा दमा, रिक्षाचे साठ मी दिले.
असं खाली खाली, शिवणीपर्यंत.
एकही आकडा नाही.
मग आठवलं,
मशीन तर माझ्याबरोबर आलं.
त्यांच्या हातात मोजायला काहीच नव्हतं,
होतं ते पुठ्ठ्यात गेलं
आणि रकान्यांत गेलं साहेबांना हवं ते.
त्यांच्या उताराबद्दल मी वर लिहिलंय ते
खोडत नाही. खाडाखोड चालत नाही इथे.

मोटर अकराव्या दिवशी बदलली.
तेही लिहिलंय, अकरा हा आकडाही.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद,
त्यात नावं मावत नाहीत,
आडनाव पुढच्या दिवसात जातं.
मंगळवारची आनंदी
बुधवारी गावडे होते.

बाराला शेडमध्ये शिरले की
लुर्दीन मान वर न करता विचारते,
बाजारात सुरमईला विचारावं तसं,
"आज कितीक?"
मी आकडा सांगते.
ती एक बी फोडते, गर अख्खा निघतो का बघते.
"म्हाग झाली गो हवा."